मराठीतले सर्वश्रेष्ठ अल्बम : आठ जागा, त्यातली एक रिकामी

दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी "मराठीतले सर्वश्रेष्ठ दहा अल्बम" अशी यादी टाकतं आणि खाली फड रंगतो. कुणी बाबूजींच्या बाजूने, कुणी हृदयनाथांच्या. कुणी 'सैराट' घेतला म्हणून रुसतं, कुणी घेतला नाही म्हणून. मला या याद्या मनापासून आवडतात. आपल्याला काय जपायचंय ते यादी करताना कळतं. आणि काय हरवलं तरी आपलं काही अडणार नाही असं आपण ठरवून टाकलंय, तेही कळतं.

तर आज माझी यादी. पण आधी थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय यादी म्हणजे नुसती आवडनिवड.

"अल्बम" हा शब्द मुळात वहीचा. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. रचना लांब असेल तर ती चार-सहा तबकड्यांवर पसरायची आणि त्या तबकड्या फोटोंच्या अल्बमसारख्या जाड पाकिटांच्या वहीत घालून विकायच्या. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने लाँग प्ले, म्हणजे आपली एलपी आणली. एका बाजूला वीसेक मिनिटं. वही गेली, शब्द राहिला.

भारतात ग्रामोफोन कंपनीने १९०२ साली कोलकात्यात गौहर जानचा आवाज मुद्रित केला, तिथून आपली गोष्ट सुरू होते. मराठीत ही तबकडी आधी नाट्यसंगीताने भरली. बालगंधर्व रंगमंचावर वन्समोअरवर वन्समोअर घेत एक पद कितीही वेळ रंगवायचे. तबकडीसाठी तेच पद तीन मिनिटांत आटपायचं. मग १९३०च्या दशकात जी. एन. जोशींनी ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' गायली आणि भावगीताची वाट मोकळी झाली. एक कविता, दोन-तीन कडवी, एक सुटसुटीत चाल. माझं मत असं की भावगीताचा आकार कवींनी जेवढा ठरवला तेवढाच त्या तीन मिनिटांनीही ठरवला. पोवाडा, कीर्तन, भारूड, वगनाट्य, जलसा हे सगळं त्या मापात बसणारं नव्हतं. ते वाजत होतं, हजारो माणसांसमोर वाजत होतं, पण तबकडीवर आलं ते तुकड्यातुकड्याने.

दुसरा धक्का सरकारने दिला. १९५२ साली पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते, असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळजवळ बंद झाली. लोकांनी काय केलं? रेडिओ सिलोन लावला! शेवटी १९५७ साली सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांची या प्रकरणात भरपूर चेष्टा झाली, आणि ती रास्तच होती. पण एक गोष्ट त्यांच्या खात्यावर जमा धरावी लागेल. सिनेमाला पर्याय म्हणून आकाशवाणीने स्वतःचं सुगम संगीत तयार करायला घेतलं, कवी आणि संगीतकारांना काम दिलं. आपण ज्याला "मराठी भावसंगीताचा सुवर्णकाळ" म्हणतो त्यातला मोठा भाग सरकारी पगारावर आणि सरकारी स्टुडिओत घडलाय. बाजाराने घडवला असता तर तो वेगळा दिसला असता.

तिसरा धक्का कॅसेटचा. फिलिप्सने कॅसेट काढली १९६३ साली, पण आपल्याकडे ती घरोघर पोचली सत्तरचं दशक संपताना. कोकणातून आखातात गेलेली माणसं सुट्टीवर येताना टू-इन-वन घेऊन यायची, हे अनेकांना आठवत असेल. तबकडी काढायला कारखाना लागायचा आणि अनेक दशकं त्या धंद्यात एकाच कंपनीचा दबदबा होता. कॅसेट एका खोलीतही भरता यायची. ऐंशीच्या दशकात लहान-लहान कंपन्यांचं पेवच फुटलं. गावच्या जत्रेची गाणी, कोळीगीतं, एकेका देवस्थानाच्या आरत्या, लग्नातली गाणी, शाहिरी, भीमगीतं हे सगळं एकदम विकायला आलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॅसेट भरून देणारं एक दुकान होतं. आपण वहीच्या पानावर गाणी लिहून न्यायची. दुकानदार विचारायचा, "साठची की नव्वदची?" चार दिवसांनी कॅसेट तयार. एका बाजूला अभंग, दुसऱ्या बाजूला लावण्या, शेवटी तीन मिनिटं उरली म्हणून दुकानदाराने आपल्या मनाने घातलेली एक कव्वाली. कायद्याने ती चोरीच. पण मराठी माणसाने आयुष्यात सगळ्यात जास्त ऐकलेले अल्बम हे असे होते, ज्यांना नाव नव्हतं. आपल्याकडे गाणं हेच एकक होतं आणि ज्याचा त्याचा अल्बम ज्याने त्याने केला.

मग अशा मुलखात "सर्वश्रेष्ठ अल्बम" ठरवायचे कसे?

बाहेरचं एक उदाहरण देतो. अमेरिकेतल्या 'रोलिंग स्टोन' मासिकाने २००३ साली पाचशे सर्वश्रेष्ठ अल्बमची यादी काढली. पहिला नंबर बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'चा. २०२० साली नव्याने मतं घेऊन नवी यादी केली. पहिला आला मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन', १९७१ चा, व्हिएतनाम युद्ध आणि पोलिसी मारहाणीबद्दल एका कृष्णवर्णीय गायकाने विचारलेला प्रश्न. आधी तो सहावा होता. 'सार्जंट पेपर' गेला चोविसाव्या जागेवर. दोन्ही अल्बममध्ये मधल्या सतरा वर्षांत एक सूरही बदलला नव्हता. मत देणारी माणसं बदलली होती.

म्हणजे यादी बघताना पहिला प्रश्न हा, की मत कुणाचं? आपल्या याद्या बहुतेक पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यातून निघतात आणि दिवाणखान्यात जी तबकडी होती तीच यादीत येते. मीही त्यातलाच आहे. तरी तीन कसोट्या ठरवून घेतल्या. गाणी एकत्र म्हणून सुचलेली किंवा एकत्र म्हणून लोकांनी धरलेली हवीत. त्यांच्यानंतर मराठी कान बदललेला हवा. आणि माध्यम कुठलंही चालेल: रेडिओ, सिनेमा, तबकडी, कॅसेट.

आता यादी, खालून वर.

८. गारवा (१९९८). सौमित्रच्या कविता, मिलिंद इंगळेंची चाल आणि आवाज. गाण्याआधी कविता बोलून दाखवायची ही रीत इथे इतकी मुरली की नंतर कित्येक वर्षं कॉलेजच्या प्रत्येक गॅदरिंगमध्ये एक मुलगा माइकसमोर पावसावर बोलत असे. हसा खुशाल. पण सिनेमा नाही, देव नाही, नाटक नाही, तरी मराठी अल्बम खपतो हे एका अख्ख्या पिढीला यातून दिसलं.

७. नवीन पोपट हा. ऐंशीच्या दशकातली आनंद शिंदेंची कॅसेट. हे नाव वाचून काहींनी नाक मुरडलं असेल, त्यांनी जरा थांबावं. ही गाणी ना आकाशवाणीने वाजवली, ना वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर परीक्षण लिहिलं. टपऱ्या, रिक्षा, ट्रक आणि वराती यांच्या जोरावर ती महाराष्ट्रभर गेली. लोकप्रिय संगीताचा इतिहास लिहायचा आणि सगळ्यात लोकप्रिय झालेलं गाळायचं, हे कसं चालेल? आणि एक प्रयोग करून बघा. गाणाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं. गीतकार आणि संगीतकार विचारा, बहुतेकजण गप्प होतात.

६. सैराट (२०१६). चारच गाणी. अजय-अतुलनी त्यासाठी लॉस एंजेलिसला जाऊन हॉलिवूडच्या स्टुडिओत मोठा वाद्यवृंद वाजवून घेतला, आणि शब्द ठेवले करमाळ्याच्या मुलांच्या तोंडचे. प्रमाण मराठीत प्रेम करायची सक्ती या चार गाण्यांनी उठवली. ज्यांना मराठी येत नाही तेही 'झिंगाट'वर नाचले, ही वरकड कमाई.

५. पिंजरा (१९७२). राम कदमांचं संगीत, जगदीश खेबुडकरांचे शब्द, उषा मंगेशकरांचा आवाज. त्याआधी १९५९ साली वसंत पवारांच्या संगीताचा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला होता, तेव्हा तमाशाप्रधान सिनेमाला प्रेक्षक नवा नव्हता. 'पिंजरा'ने एक पाऊल पुढे टाकलं. जी घरं तमाशाच्या तंबूकडे पाठ फिरवून जायची त्यांनी ही गाणी विकत आणून घरात लावली. फडावरच्या बाईला मात्र त्या घरात यायला मिळालं नाही. गाणं स्वीकारायचं आणि गाणारीला दारात ठेवायचं, ही आपली जुनी खोड.

४. भीमसेन जोशींची अभंगवाणी. राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांच्या चाली आणि गदगकडून आलेला, घरी कन्नड बोलणारा हा गवई. वारकरी भजन फडात, दिंडीत, देवळात होतंच, साडेसहाशे-सातशे वर्षं. भीमसेनांनी ते किराण्याच्या तालमीत घोळवलं आणि मैफिलीच्या मंचावर नेलं. गंमत अशी की मंचावर गेलेलं हे गाणं परत गावात आलं. आज खेड्यातल्या सप्ताहातही भजनी बुवा भीमसेनांच्या हरकती घेताना ऐकू येतात.

तिसऱ्या क्रमांकाकडे शेवटी येतो.

२. गीतरामायण. बहुतेक याद्यांत हे पहिलं असतं. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी. केंद्र सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. दर आठवड्याला एक गाणं, वर्षभर. त्या वर्षी अधिक महिना आल्याने गाणी झाली छप्पन्न. आजच्या भाषेत ही वेब सिरीजच म्हणा ना, फक्त मोफत आणि सगळ्यांसाठी. ज्याच्या घरी रेडिओ नाही तो शेजारी जाऊन बसायचा, हॉटेलाबाहेर उभा राहायचा.

एक तपशील मात्र आपण विसरलो. रेडिओवरचं गीतरामायण अनेक आवाजांचं होतं. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक असे कितीतरी गळे, पात्रागणिक वेगळे. पुढे तबकड्या निघाल्या त्या एकट्या बाबूजींच्या आवाजात आणि घराघरात तेच राहिलं. बाबूजींच्या गाण्याबद्दल मी काय बोलणार! पण ज्या मूळ रूपाने लोक वेडे झाले ते वेगळं होतं, आणि तबकडी निघाली ते रूप टिकलं. जे साठवलं जातं तेच श्रेष्ठ ठरतं, याचा याहून मोठा पुरावा नको.

१. जैत रे जैत (१९७७). गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचा सिनेमा, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. ठाकर आदिवासी, त्यांचा डोंगर, मधमाश्या आणि ढोल वाजवणारा नाग्या, एवढ्यावर उभी गोष्ट. सिनेमात मध्येमध्ये गाणी नाहीत, गाणीच गोष्ट सांगतात. म्हणून हा मराठीतला सगळ्यात एकसंध अल्बम, सिनेमा न बघता ऐकला तरी पूर्ण लागतो. एरवी आपल्याकडे लोकगीत स्टुडिओत यायचं म्हणजे त्याला आंघोळ घालून, भांग पाडून, प्रमाणभाषेचे कपडे घालून आणायचं. इथे उलटं झालं. लता मंगेशकर, आशा भोसले, रवींद्र साठे, चंद्रकांत काळे यांच्यासारखे गळे डोंगरावर चढले, ढोलाच्या मापाने गायले. महानोर स्वतः शेतकरी, त्यांच्या शब्दांना मातीचा वास लावायला लागला नाही. शहराचं उत्तम तंत्र आणि रानाची लय एकमेकांसमोर बरोबरीने उभी राहिलेली मला दुसरीकडे एवढी कुठे दिसत नाही. म्हणून पहिला.

आता तिसरा क्रमांक.

ही जागा भीमगीतांची आहे, आणि ती मी रिकामी सोडतोय. गाणी कमी आहेत म्हणून नव्हे. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरत होता, तेव्हापासूनची ही परंपरा. वामनदादा कर्डकांनी लिहिलेलं आणि गायलेलं एकत्र मांडलं तर वाचायला महिने लागतील. विठ्ठल उमपांनी अखेरचा श्वास घेतला तो २०१० साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावर. प्रल्हाद शिंदे विठ्ठलाचं गायचे, कव्वाली गायचे आणि भीमगीतंही गायचे. त्या एका गळ्यात जेवढा महाराष्ट्र मावला तेवढा फार थोड्यांच्या मावला असेल. अक्षरओळख नसलेल्या आया-बायांना बाबासाहेब काय म्हणाले, चवदार तळ्यावर काय झालं, धर्मांतर कशासाठी केलं, हे गाण्यांनी सांगितलं. "मराठी कान बदलला" ही माझी कसोटी. इथे कानाबरोबर माणसांची मान ताठ झाली.

मग एखादा अल्बम निवडून टाकता येऊ नये? अडचण अशी. ही गाणी कॅसेटवर आली ती लहान-लहान कंपन्यांच्या. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीबाहेर, दीक्षाभूमीवर पथारीवर विकली गेली. मी गेली काही वर्षं अशा कॅसेट मिळतील तिथून जमवतोय. कित्येकांवर साल छापलेलं नाही. काहींवर गीतकार नाही. काहींवर गायकाचा फोटो मोठा आणि वादकांचा उल्लेखच नाही. कंपनीचा पत्ता असतो तिथे आज दुसरंच दुकान आहे. एकच गाणं तीन कॅसेटवर तीन वेगळ्या नावांनी. गीतरामायणाची तारीख, वार आणि तिथी आपल्याला पाठ आहे. या गाण्यांचं सालही लागत नाही. क्रमांक द्यायला आधी नोंद लागते आणि नोंदच झालेली नाही. अशा वेळी दोन-चार प्रसिद्ध गाणी उचलून "हे घ्या तुमचं प्रतिनिधित्व" म्हणणं मला बरं वाटत नाही. जागा रिकामी ठेवली की निदान ती दिसते तरी.

आणि वेळ फार नाही. कॅसेटची फीत म्हणजे प्लास्टिकवर चिकटवलेली लोखंडाच्या गंजाची पूड. दमट हवेत बुरशी धरते, चिकट सुटतो, पूड झडते. ऐंशीच्या दशकातली कॅसेट आज चाळिशीची आहे. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या माळ्यावर चाळीस पावसाळे म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

शिवाय यात पैशाचाही प्रश्न आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का झाला. छान झालं. पण ज्याचं नाव कव्हरवरच नाही त्याच्या मुलाबाळांनी वाटा मागायचा कुणाकडे? आज तीच गाणी मोबाइलवर कोट्यवधी वेळा वाजतात आणि गीतकाराच्या रकान्यात काही नसतं.

अमेरिकेचंच आणखी एक उदाहरण देतो, या वेळी मासिकाचं नाही, सरकारचं. तिथे २००० साली कायदा झाला आणि त्यानुसार त्यांचं राष्ट्रीय ग्रंथालय, लायब्ररी ऑफ काँग्रेस, दरवर्षी पंचवीस ध्वनिमुद्रणं निवडतं. क्रमांक नाही, स्पर्धा नाही. हे जपायचं, एवढंच ठरतं. लोकांना नावं सुचवता येतात. यादी असावी तर अशी.

आपल्या राज्याने २०२३ साली राजा बढे, श्रीनिवास खळे आणि शाहीर साबळे यांच्या गीताला राज्यगीत केलं. एका गाण्याचा मान राखला, आनंद आहे. आता बाकीच्यांची नोंद करा, ही मागणी मी सरकारकडे करतोय. सिनेमासाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय संग्रहालय उभं आहे. मराठी आवाजासाठी त्याच तोलाचं काम हवं. त्यात दिवाणखान्यातली एलपीही हवी आणि पथारीवरची कॅसेटही.

तोवर आपण एवढं करू या. माळ्यावर, ट्रंकेत, बंद पडलेल्या टेपच्या खणात जुन्या कॅसेट असतील त्या काढा. घाईने वाजवू नका, फीत तुटते. आधी कव्हरचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. गायक, गीतकार, संगीतकार, कंपनी, कॅसेटचा नंबर, जे दिसेल ते लिहून ठेवा. कुठे, कधी, कुणी विकत घेतली ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. चांगल्या यंत्रावर एकदा नक्कल करून घ्या आणि टाकून देण्याआधी गावच्या वाचनालयात किंवा जवळच्या विद्यापीठात विचारा.

माझ्या यादीवर भांडायचं असेल तर जरूर भांडा, तिसरा क्रमांक सोडून सगळं खुलं आहे. आणि तिसऱ्या जागेसाठी कॅसेटच्या कव्हरचा फोटो टाका. नुसतं नाव नको, कव्हर हवं.